सोळा दिवस

"परत चुराच!" विद्यार्थिनीने काचेची नळी फोडून कागदावर झटकली आणि कपाळाला हात लावला. नुसती काळी पूड. आठ महिन्यांतली ही सहावी खेप.

भट्टीवाल्या बाईंनी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. बावीस वर्षं त्या या प्रयोगशाळेतल्या भट्ट्या सांभाळत होत्या. धातूची भुकटी आणि आयोडीन नळीत घालायचं, हवा काढून नळी बंद करायची, भट्टीत एक टोक जास्त तापवायचं, दुसरं कमी. आत वाफ होते आणि कमी तापलेल्या टोकाला स्फटिक धरतो. अभ्रकासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा, पण चुंबक. गेल्या वर्षी बाईंच्या नळीतून चांगला नखाएवढा निघाला होता. सोलत सोलत एकच पापुद्रा उरला, तरी त्यातलं चुंबकत्व गेलं नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं नाव झालं. बाईंच्या हाताला गुण आहे, असं जो तो म्हणू लागला.

"तुमच्या वहीत सात दिवस आहेत, मी नळी भट्टीत सातच ठेवते. मग चुकतंय कुठे, बाई? चार महिन्यांनी माझी पीएचडीची मुदत संपते. बाहेर लोक म्हणायला लागलेत, पहिला निकालच बनावट होता."

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

घरी आल्यावर त्यांचं बूड एका जागी टेकेना. शेवटी नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "तिसऱ्यांदा गॅस बघून आलीस. काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "वर्षभर कुणाला पत्ता नाही. आता आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

"आत्ता तो त्या पोरीच्या पायावर पडतोय."

सकाळी त्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"वहीतले सात दिवस खोटे आहेत. ती नळी सोळा दिवस भट्टीत होती."

"काय?"

"पाचव्या दिवशी भावाचा फोन आला, आई अत्यवस्थ आहे म्हणून. तशीच निघाले. भट्टी बंद करा, हे कुणाला सांगायचंच राहिलं. अकरा दिवसांनी परत आले तर चालूच. घाबरले, सात लिहून टाकलं. मग स्फटिक निघाला, सगळे कौतुक करायला लागले... जीभच रेटेना."

"आणि आई?"

"तेव्हाच गेली."

"कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "चूक पोटात घालता येते, बाई. खोटी नोंद नाही घालता येत."

दुसऱ्या दिवसापासून भट्ट्या बाईंकडून गेल्या, त्या मागच्या खोलीत काचसामान धुवायला लागल्या. विद्यार्थिनीने सोळा दिवसांची भट्टी लावली. जाता-येता बाई दारातून भट्टीवरचे आकडे बघत. आत मात्र जात नसत. त्या दिवसांत त्यांच्या हातून दोन चंबू फुटले. बावीस वर्षांत एकही फुटला नव्हता.

सतराव्या दिवशी विद्यार्थिनी धावतच आली. हातात बंद कुपी, कुपीत काळा, लखलखीत, नखाहून मोठा स्फटिक.

"बाई, आला! आधी तुम्हीच बघा."

बाईंनी ओले हात पदराला पुसले, पण कुपी घेतली नाही. मान वाकवून क्षणभर पाहिलं.

"अगं, हे घेऊन हिंडतेस काय? झाकण सैल असलं तर? दमट हवेत तासाभरात खराब होईल तो. जा, आधी कोरड्या पेटीत ठेव."

ती गेली. लांबवर दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत बाईंनी नळ सोडला नाही.