आरशाला धडका मारणारी कुंडी

झाडाला पाय फुटलेले पाहिलेत कधी? मी पाहिलेत. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये एक लिंबाचं झाड कुंडीसकट हिंडायचं, गिऱ्हाइकांच्या पायात घुटमळायचं, आणि एकदा माझ्या मागेमागे पार चौकापर्यंत आलं होतं. चौकाचं जरा वाढवून सांगितलं. पायरीपर्यंत आलं होतं. बाकी सगळं खरं.

मुळात ते झाड जन्मलंच वेंधळेपणातून. सलूनवाल्याचे वडील माझे दोस्त. एकदा कोणाची तरी दाढी करता करता त्यांनी लिंबूसरबताचा पेला तोंडाला लावला, दाताखाली बी आली, आणि त्यांनी ती थुंकली ती नेमकी साबणाच्या जुन्या वाटीत. काही दिवसांनी वाटीतून दोन पानं वर आली. फेस करायला गेलेला ब्रश पानांना लागला म्हणून कळलं, नाहीतर त्या झाडाचीही दाढी झाली असती. पुढे दोस्त गेला, झाड राहिलं. आमच्या वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ते अंगणात लेकरासारखं वाढवलं. मग ते घर सुटलं आणि वहिनी झाडाची कुंडी कडेवर घेऊन धाकट्या मुलाकडे, म्हणजे सलूनवाल्याकडे, सलूनच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. नवरा होता तोवर त्यांनी सलूनचा उंबरा ओलांडला नव्हता. म्हणायच्या, "बाप्यांच्या फेसाळलेल्या तोंडांत काय बघायचंय?"

जागा चांगली होती, पण अंधार असा की मांजरसुद्धा चाचपडत चालायचं. अख्ख्या सलूनला एक दार, तेही अंग चोरून उभं असलेलं, आणि समोर उंच इमारत. ऊन आत यायचं ते पत्ता चुकल्यासारखं. सकाळी उंबऱ्यावर, मग बाकाखाली बोटभर, मग खुर्चीच्या पायाशी जरासं, की निघून गेलं. बाहेर कुंडी ठेवावी तर गल्ली इतकी चिंचोळी की हातगाडी गेली की भिंतीचा रंग सोबत घेऊन जायची. लिंबाने पानं टाकायला सुरुवात केली. वहिनी रोज झाडू मारताना पिवळी पानं उचलायच्या आणि एकेक मोजायच्या.

थोरल्या मुलाच्या घराला गच्ची. त्याचा फोन आला, "आई, रविवारी गाडी घेऊन येतो. झाड आणि तू, दोघंही चला माझ्याकडे."

"बरं," वहिनी म्हणाल्या. फोन ठेवून धाकट्याला म्हणाल्या, "मला इथे काही कमी नाही रे. पण याला इथे मरू देणार नाही मी. हे गेलं तर तुझे बाबा दुसऱ्यांदा गेले."

धाकट्याची कात्री घसरली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा कान मात्र थोडक्यात वाचला.

मी तिथेच होतो. मी रोज तिथेच असतो. केस कापायला नाही, कापायला काही उरलेलंच नाही. पेपर वाचायला जातो. वहिनी आत गेल्यावर म्हटलं, "आई जायला नको असेल तर तोंडाने सांग की."

"सांगून पानं फुटतात का काका?"

हे मात्र खरं होतं.

सलूनवाल्याला खुडबुडीचा नाद होता. बिघडलेला ट्रिमर तो फेकत नसे, उघडून बसे. या नादातली त्याची गुरू म्हणजे शेजारच्या टपरीत मोबाइल दुरुस्त करणारी बाई. आम्ही तिला चिमटीताई म्हणतो, कारण हातात चिमटा नसला की तिला बोलता येत नाही. त्या दुपारी तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"ताई, ऊन सरकतं. मग कुंडीने का बसून राहायचं? उन्हामागे कुंडी गेली तर?"

"मग तिला डोळे हवेत, पाय हवेत."

"आणि डोकं?"

"डोक्यावाचून भागतं. काकांचं नाही का इतकी वर्षं भागलं!" हे माझ्याकडे बघून.

दोघं कामाला लागले. कपाटाचा जुना खण झाला गाडीचं अंग. मोडक्या फिरत्या स्टुलाची चाकं निघाली, एका खेळण्यातल्या जीपच्या दोन मोटारी निघाल्या, जुन्या ट्रिमरचे सेल जमवले. डोळे म्हणून टिकलीएवढ्या दोन चकत्या आल्या. त्यांच्यावर नागमोडी रेघ असते. उजेड पडला की त्या वीज सहज सोडतात, अंधारात अडवून धरतात. छतावरच्या ट्यूबने फसू नये म्हणून चिमटीताईने प्रत्येक डोळ्याला काळ्या कागदाची नळी लावली, म्हणजे त्याने फक्त समोर बघावं. मग कथलाचा डाग देत देत सलूनवाल्याने तारा जोडल्या. डावा डोळा डाव्या मोटारीला, उजवा उजवीला. उजेड जास्त तितकी मोटार जोरात. सरळ मामला.

सकाळी दारात ऊन आलं. कुंडी गाडीवर चढवली, बटण दाबलं. कुंडीने उन्हाकडे पाहिलं, गर्रकन पाठ फिरवली आणि बाकाखालच्या काळोखात जाऊन गपगार बसली.

ऊन बघून पळणारं झाड! खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट हसलं. पुन्हा ओढून बाहेर आणली, पुन्हा बाकाखाली.

वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "बापावर गेलंय. तेही उन्हात निघायचे नाहीत."

सलूनवाल्याचं तोंड एवढंएवढंसं झालं. चिमटीताई मात्र खाली उकिडवी बसून कितीतरी वेळ चाकांकडे बघत राहिली. "अरे, बरोबर करतंय ते! ऊन डावीकडे. डाव्या डोळ्याला दिसलं, म्हणून डावं चाक जोरात पळालं. डावं चाक जोरात पळालं तर गाडी वळणार कुठे?"

"उजवीकडे."

"म्हणजे उन्हाकडे पाठ. आपण त्याला पळायला शिकवलंय रे. तारा फुलीत जोड."

फुलीत जोडल्या. डाव्या डोळ्याची तार उजव्या चाकाला, उजव्याची डाव्याला. बस, एवढंच. आणि तेच भित्रं झाड असं काही सुटलं की ऊन पुढे आणि हे मागे. मी निघताना दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होतो, माझ्या टकलावर ऊन पडलं, आणि मागून घर्रर्र आवाज. लिंबाची फांदी मानेला टोचली तेव्हा कळलं की आपल्याला कोणीतरी सूर्य समजतंय. या वयात असा मान कोण देतो!

संध्याकाळी गाडी बंद पडली. मोटारी गरम, चाकं जाम. चिमटीताईने सेल तपासले, तारा तपासल्या, सगळं ठीक. शेवटी गाडी उलटी केली. सलूनच्या फरशीवरचे सगळ्या गल्लीचे केस चाकांच्या आसांना गुंडाळले गेले होते; काळे, पांढरे, मेंदी लावलेले. सलूनवाल्याने मुकाट्याने कंगवा घेतला, कात्री घेतली आणि गाडीची हजामत केली. मग आसांवर शाम्पूच्या बाटल्यांची टोपणं कापून बसवली. "पुढच्या वेळी मानेला पावडर पण लाव," मी म्हटलं.

आता रोजचं ऊन काही चुकेना. उंबरा, बाक, खुर्चीचा पाय. पण ते होतंच किती? पानं गळायची ती गळतच होती. रविवार जवळ येत होता.

आणि भर दुपारी कुंडीने नवंच सुरू केलं. जेव्हा सलूनमध्ये ऊन म्हणून कुठे नसायचं, तेव्हा ती खोलीच्या मध्यावरून वळायची आणि सरळ समोरच्या भिंतीकडे धावायची. तिथे मोठा आरसा. दोस्ताने लावलेला, अर्धी भिंत व्यापणारा, खाली बाटल्यांची फळी, फळीखाली अंतराअंतरावर टॉवेल लटकवलेले. कुंडी टॉवेलांत घुसायची आणि भिंतीला धडक मारायची. ठक. मागे ढकलली की पुन्हा ठक. थोड्या वेळाने आपोआप शांत व्हायची.

"आरशात दाराचा उजेड दिसत असेल," सलूनवाला म्हणाला. त्याने आरशावर चादर टाकली. ठक.

"दिवे," चिमटीताई म्हणाली. आरशाभोवतीचे बल्ब बंद केले. ठक.

"डोळे बिघडले." डोळे बदलले. दुसऱ्या दिवशी दुपारी, ठक.

मला राहवेना. "वहिनी, मी सांगू? बी कोणी टाकली होती? आरसा कोणी लावला? दोस्त बोलावतोय त्याला."

थट्टाच होती. पण वहिनींचा चेहरा बघून जीभ चावली. त्या टॉवेलांकडे एकटक बघत होत्या. "ते बोलावणारे नव्हते हो भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना काही दाखवायचं असलं की नुसते तिथे जाऊन उभे राहायचे. मग आपणच उठून जायचं."

आणि खरंच उठून गेल्या. टॉवेल बाजूला केले, पदर खोचला आणि सरळ फरशीवर बसल्या, मग आडव्याच झाल्या. सलूनमध्ये माणसं आरशात बघतात, छताकडे बघतात, फार तर आपल्या बुटांकडे बघतात. गुडघ्याच्या उंचीवर भिंत कशी आहे हे कोणी कशाला बघेल? तिथे कुंडीच बघत होती.

"अरे, ही भिंत नाही. लाकूड आहे," खालून आवाज आला. "आणि फट आहे."

आम्ही सगळे आडवे झालो. मी, सलूनवाला, चिमटीताई, आणि गळ्याभोवती कापड असलेलं एक गिऱ्हाईक. रंगाच्या थरांखाली फळ्या होत्या, आणि दोन फळ्यांच्या मध्ये केसाएवढी फट. सलूनवाल्याने तिच्यासमोर तळहात धरला. तळहातावर उन्हाची रेघ पडली. बघता बघता ती पुसट झाली आणि विझली.

"पलीकडे काय आहे?" चिमटीताईने विचारलं.

पलीकडे पत्रे ठोकून डबे-पेट्या बनवणाऱ्या पत्रेवाल्याचं आवार. तिथे जायचं तर गल्लीला वळसा घालून जावं लागतं. सलूनवाला गेला, आणि धापा टाकत परत आला. त्याच्या मागे पत्रेवाला, हातात हातोडी तशीच.

"खिडकी आहे ती!" सलूनवाला म्हणाला. "केवढी मोठी! फळ्या ठोकून बंद केलीय. बाहेरून यांनी अवजारं टांगलीत."

"मला वाटलं, अवजारं टांगायलाच केलीय," पत्रेवाला म्हणाला. "दुपारी मी कोरे पत्रे समोर उभे करतो. त्यांची तिरीप येत असेल. पण खिडकी बंद का केली म्हणता?" एवढं बोलून त्याने सवयीने हातोडी दाराच्या चौकटीवर आपटली. आमच्या कानांत घंटा वाजल्या.

"कळलं," मी म्हटलं.

फळ्या काढायच्या तर आरसा उतरवायला हवा. सलूनवाल्याने आरशाकडे पाहिलं आणि त्याचे हात खाली आले. "फुटला तर? बाबांच्या हातचा आहे. एवढा मोठा पुन्हा कुठून आणू?"

वहिनी फरशीवरून उठल्या, गुडघ्यावरचे केस झटकले. "त्यांनी लावला तो गिऱ्हाइकांसाठी. मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, खिडकी राहू द्या, कानात कापूस घाला."

रविवारी दुपारी स्क्रू सैल केले. एका कोपऱ्याला सलूनवाला, एकाला पत्रेवाला, एकाला चिमटीताई. मी सूचना देत होतो, तेही कामच. चौथ्या कोपऱ्याला माणूस नव्हता. तेवढ्यात दारात थोरला उभा, हातात गाडीची किल्ली.

"आई, तयार झालीस ना? निघू या."

"किल्ली ठेव आणि तो कोपरा धर," वहिनी म्हणाल्या.

"कसला कोपरा?"

"आधी धर!" सगळे एकदम ओरडले, कारण आरसा सुटला होता.

त्याने धरला. काय चाललंय हे न कळताच त्याने बाबांचा आरसा सगळ्यांबरोबर तोल सांभाळत समोरच्या भिंतीपर्यंत नेला आणि हळुवार टेकवला. कुठे टवकाही उडाला नाही. मग पत्रेवाल्याने पलीकडून अवजारं काढली, कुरकुरत, आणि एकेक फळी उपटली.

ऊन आत आलं. आलं म्हणजे काय, ढासळलंच. फरशी, खुर्ची, बाटल्या, सगळं लख्ख. समोरच्या भिंतीला टेकवलेल्या आरशाने ते उचलून परत फेकलं, आणि इतक्या वर्षांत प्रथमच मला दिसलं की सलूनच्या भिंती पोपटी आहेत. मी त्या राखाडी समजत होतो.

कुंडी तर वेडीच झाली. खिडकीकडे धावली, आरशाकडे वळली, पुन्हा खिडकीकडे. वहिनींनी वाकून तिचं बटण बंद केलं, कुंडी गाडीवरून उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. लिंबाच्या उरल्यासुरल्या पानांच्या आरपार ऊन दिसू लागलं.

थोरला घाम पुसत खुर्चीत बसला. सगळं ऐकून घेतलं, मग धाकट्याकडे बघितलं. धाकटा उगाच कंगवे पुसत होता.

"म्हणजे आई येत नाही," थोरला म्हणाला.

"येईन की. राहायला नाही, भेटायला," वहिनी म्हणाल्या.

"आणि मी गच्ची धुऊन घेतली, त्याचं काय?"

"कपडे वाळत घाल." मग त्याच्या गालावरून हात फिरवून त्या धाकट्याकडे वळल्या. "अरे, बघत काय बसलास? भावाची दाढी केवढी वाढलीय. उजेड आहे तोवर करून टाक."

धाकट्याने कापड झटकून भावाच्या गळ्याभोवती बांधलं. पलीकडे पत्रेवाल्याने काम सुरू केलं आणि सगळं सलून दणदणू लागलं. वहिनी खिडकीतून ओरडल्या, "अहो, जरा सावकाश!" पत्रेवाल्याला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी फळीवरच्या डब्यातून कापूस काढला, दोन बोळे स्वतःच्या कानांत घातले, दोन थोरल्याच्या, आणि झाडाला पाणी घालायला तांब्या शोधू लागल्या.