दोरीचं माप

टर्रर्र करून खोक्याची चिकटपट्टी फाटली आणि दुपारच्या सुन्न घरात तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. शितलने उगाच दाराकडे पाहिलं. कोण येणार? अख्खा तांडा हरभरा काढायला गेलेला, नवरा रामप्रसाद पुण्यात कुणाची गाडी चालवतो, येतो ते सणावाराला, जातो ते लेक झोपेत असताना. घरात चार वर्षांची पुजा, आणि ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेली सासू रूपाबाई.

खोक्यातून बुटांचे दोन जोड निघाले. हिमालयातल्या गिर्यारोहण वर्गाला शितलचं नाव लागलं होतं. अठ्ठावीस दिवस. शाळेत असल्यापासूनची हौस. बूट मात्र आपले आपण आणायचे होते. "एक जोड नेहमीच्या मापाचा मागव, दुसरा एका नंबरने मोठा," शाळेतले पुनमचंद सर फोनवर म्हणाले होते. "जाड मोजे घालून बघ. चढताना टाच बुटात उचलली जायला नको, उतरताना बोटं पुढं आपटायला नकोत. घरात करंगळी कुरकुरली तर डोंगरात तू रडशील."

दोन्ही बसले नाहीत तर जायचंच नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. पायानेच नाही म्हटलं, की तिला म्हणावं लागणार नव्हतं.

"पाच नंबरच बसंल," रूपाबाई म्हणाली. "दोरी हाय ना माझ्यापाशी."

ती दोरी सोयरिकीच्या वेळची. नवरीच्या पायाचं माप घेऊन रूपाबाईने ती पेटीच्या कडीला बांधून ठेवलेली. सुनेची चप्पल बाजारातून आणायची ती त्याच मापाने. टाच बाहेर आली तरी शितल गप्प घालायची.

घरामागे विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग होता. पाच नंबर घालून ती चढली. उतरताना तिसऱ्याच दगडावर अंगठ्याचं नख ठणकलं. बरं वाटलं तिला. मग सहाचा जोड, घोट्यापर्यंतचा, ताठ तळव्याचा. बोटभर कंगोऱ्यावर चवडा ठेवला, तळवा वाकला नाही. टाच हलली नाही. धडाधड खाली आली. कुठेच काही दुखलं नाही. कुठंतरी दुखेल म्हणून ती पुन्हा चढून उतरली.

ओसरीत येऊन तिने बूट काढले. रूपाबाईने पेटीची दोरी सोडून आणली आणि तिच्या उघड्या तळव्याशी धरली. दोरी बोटभर आखूड पडली.

"अगं माय! पाय कवा वाढला तुझा?"

"पुजाच्या वक्ताला."

"आन बोलली काहून न्हाईस? चार वर्सं पाय आखडून चालून राहिली?"

कुणी विचारलं नव्हतं. रामप्रसादनेही नाही.

रूपाबाईने दोरीचा गोळा करून शेंगांच्या टरफलात टाकला. पाचचा जोड खोक्यात ठेवून ती म्हणाली, "हे वापस कर. अन् जा तू. लेकराला मी बघते."

आता कोणतंच निमित्त उरलं नाही. आपण गेलो तर घर आपली वाट बघेल, हे शितलला अजून खरं वाटत नव्हतं. तिच्या वाट्याला आजवर वाट बघणंच आलं होतं.

पुजाने सहा नंबरच्या बुटात पाय घातले होते. बूट पार गुडघ्याला आले. दोन पावलं फरफटत ती आईजवळ आली.

"याडी, तू मी झोपल्यावर जाशील का उठायच्या आधी?"