नवव्या भागाचा आवाज

“तिसऱ्या भागातच संपलं होतं ते सगळं,” सलूनवाला म्हणाला आणि त्याने काकांच्या गळ्यावरून वस्तरा खालून वर नेला. “इतका छान पुलावरून पडला होता. परत उठायला सांगितलं कुणी?”

“धंद्याने,” बाकावरचा टॅक्सीवाला वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला.

“चौथ्यात म्हणे नदीने वाचवला. पाचव्यात बायको मेली, सातव्यात बायको हजर. गेलेली माणसं अशी परत येत असती, तर मी सासूबाईंची खोली भाड्याने दिली नसती.”

काका हसले नाहीत. एक तर गळ्यावर वस्तरा असताना हसू नये. आणि दुसरं म्हणजे गेले काही महिने त्यांचं हसू अर्ध्या वाटेत खोकला होऊन बाहेर पडत होतं.

‘कडेलोट’ नावाच्या त्या परदेशी मारधाडपटाचे नऊ भाग येऊन गेले होते, आणि नऊच्या नऊ भागांत नायकाचा आपल्या भाषेतला आवाज म्हणजे सलूनच्या खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेले हे काका होते. गल्लीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. खासगी नोकरी आहे, एवढंच ते सांगत. एकदा खरं सांगितलं की लोक भाजीच्या दुकानातही म्हणतात, ‘एक डायलॉग होऊन जाऊ दे.’ आणि काका स्वभावाने असे, की घरात पाणी हवं असलं तरी मागायच्या आधी घसा खाकरून परवानगी घेतल्यासारखं करत.

“पण नववा वेगळा हां,” टॅक्सीवाल्याने वर्तमानपत्राची घडी घातली. “गोष्ट भिकार. मारामाऱ्या त्याच. पण आवाज काय लावलाय ह्या वेळी! घोगरा, फाटका. पहिल्यांदा वाटलं, हा माणूस खरंच घाबरलाय.”

“ते मात्र शंभर टक्के. आठ भाग नुसत्या डरकाळ्या फोडल्या. नवव्यात माणूस झाला.” सलूनवाल्याने काकांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. “तुमचं काय मत, काका?”

“मी कुठे बघतो असले सिनेमे,” काका म्हणाले. तेवढ्या पाच शब्दांतही मधला एक शब्द हवेतच विरला.

कौतुक झालं की माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात. काकांना वाटलं, आपल्याही चढलंय. फक्त ते नेमकं घशात जाऊन बसलंय.

चूक झाली होती ती अशी. नवव्या भागाच्या वेळी आवाज बसला, तेव्हा त्यांनी तो सर्दीच्या नावावर खपवला. मग सिनेमा लागला आणि जो तो त्या बसलेल्या आवाजावर फिदा झाला. तीस वर्षांत काकांच्या वाट्याला न आलेलं कौतुक तीन आठवड्यांत आलं. मग डॉक्टरकडे कोण जातं? घसा बरा झाला तर काम जायचं, आणि बरा नाही झाला तर… त्या ‘तर’च्या पुढे काका कधी गेलेच नाहीत. अखेर बायकोने हात धरून जवळच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, उशीर करू नका. त्यालाही आता महिना होत आला होता.

दाढी करून काका घरी आले, तर बायको दारातच उभी.

“आज जायचं ना?”

“आज दहाव्याच्या जाहिरातीचं रेकॉर्डिंग आहे. ते झालं की जाऊ.”

“दहाव्यानंतर अकरावा येईल.” तिने त्यांचा शर्ट खुंटीवरून काढून हातात दिला. “तुमचा तो नऊ वेळा कड्यावरून पडला, नऊ वेळा उठला. तुम्हाला एकदाच पडायचंय, तेही पलंगावर, भूल देऊन. एवढं काय भ्यायचं?”

“भितोय कोण?”

शर्टाचं वरचं बटण तिनेच लावलं आणि लावताना तिची बोटं गळ्यापाशी एक क्षण थांबली. काकांना ते वस्तऱ्यापेक्षा धारदार लागलं.

स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत काका माइकसमोर उभे राहिले. समोरच्या पडद्यावर म्हातारा होत चाललेला तो परदेशी नट तोंड हलवत होता. काकांनी इतक्या वर्षांत एकही भाग अथपासून इतिपर्यंत पाहिला नव्हता. नायकाचं तोंड हलेल तेवढेच तुकडे त्यांच्यापुढे येत. तो कशासाठी लढतो, हे त्यांना सलूनमध्ये कळे.

काचेपलीकडे डबिंगचा तरुण दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट बसले होते. ह्या रेकॉर्डिस्टला सगळे कानसाहेब म्हणत. पहिल्या भागापासून काकांचा आवाज तेच पकडत आले होते.

“नवव्यासारखंच हवंय, काका,” दिग्दर्शक म्हणाला. “लोक म्हणतात, पुढचा भाग फक्त त्या आवाजासाठी बघू.”

संवाद कसेबसे झाले. किंकाळी नेहमीप्रमाणे शेवटी ठेवली होती. ती आधी घेतली तर घसा फाटतो आणि मग बाकीचं काम होत नाही. पडद्यावर नट कड्यावरून सुटला. काकांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. नुसती हवा, आणि तिच्या तळाशी कुणीतरी दार खरवडावं तसा एक आवाज. काकांनी माइकचा दांडा धरला.

“कमाल!” दिग्दर्शकाने अंगठा वर केला. “काटा आला. हीच ठेवायची.”

कानसाहेबांनी हेडफोन काढून ठेवले. माइक सारखा करायच्या निमित्ताने ते आत आले आणि दार लावून घेतलं.

“त्याला किंकाळी ऐकू आली,” ते हळूच म्हणाले. “मी तिच्या आधीचा श्वास ऐकला. तुमचा श्वास माझ्या ओळखीचा आहे, दादा. आत त्याच्या वाटेत काहीतरी बसलंय. हा अभिनय नाही.”

काकांनी होकाराची मान हलवली. म्हणाले, “मला माहीत आहे.”

“मग?”

“दहावा भाग…”

“दहावा भिकारच असणार. नऊ पाहिलेत मी.”

काकांना आता हसू आलं, आणि नेहमीसारखा खोकलाही. तो थांबल्यावर त्यांनी काचेकडे बघितलं. ही किंकाळी थिएटरभर वाजेल. सलूनवाला, टॅक्सीवाला सगळे म्हणतील, काय घाबरला हो, अगदी खरा.

“ती पुसून टाका,” काका म्हणाले. “तेवढी माझी आहे.”

कानसाहेबांनी बाहेर जाऊन एकदा बटण दाबलं, आणि ‘नक्की पुसायचं?’ असं संगणकाने विचारलं तेव्हा पुन्हा एकदा. “अहो, सोनं होतं ते!” दिग्दर्शक ओरडला. काका तोवर खुंटीवरची पिशवी घेऊन जिना उतरले होते. खाली येऊन त्यांनी बायकोला फोन केला आणि म्हणाले, “ये.” पुढचं तिला कळलं.

हॉस्पिटलात त्यांना भूल देऊन घशातला एक तुकडा तपासायला काढला. उत्तर यायचं होतं. तोवर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, अशी ताकीद होती. वॉर्ड सगळा गळ्याच्या रोग्यांचा, त्यामुळे तिथे गोंगाट करायचे ते फक्त भेटायला आलेले नातेवाईक आणि भिंतीवरचा टीव्ही.

टीव्हीवर ‘कडेलोट’चा कुठलासा भाग लागला होता. शेजारच्या पलंगावरच्या, गळ्याला नळी लावलेल्या माणसाने काकांकडे बघून टीव्हीकडे बोट दाखवलं आणि नाक मुरडलं. मग तीन बोटं वर करून पसंतीची मान डोलावली. पलीकडच्याने जोरजोराने नकाराची मान हलवून दोन बोटं नाचवली. तिसरा उठून बसला आणि त्याने एकच बोट ताठ उभं केलं. तिघांचं असं निःशब्द भांडण जुंपलं, की नर्सने येऊन दटावलं. मग तिघेही काकांकडे वळले. निकाल आता त्यांनी द्यायचा होता.

“त्यांना नका विचारू,” बायको म्हणाली. “त्यांनी एकही धड बघितलेला नाही.”

तेवढ्यात पडद्यावर आग लागली. आगीच्या पलीकडून नायकाला कुणालातरी हाक मारायची होती. नटाचं तोंड अजून उघडलंही नव्हतं, तोच पलंगावर काकांची छाती भरून वर आली. मग टीव्हीतून त्यांचा जुना आवाज घुमला, खणखणीत, न चिरलेला, आणि काकांनी मिटल्या तोंडाने तो श्वास हळूहळू सोडून दिला.

बायको टीव्ही बंद करायला उठली. काकांनी तिचं मनगट धरलं आणि मानेनेच सांगितलं, राहू दे. पुढे काय होतं ते त्यांना बघायचं होतं.