लाल फडक्याचं दार

आईने दाराच्या कडीला बांधलेलं लाल फडकं सोडायला घेतलं. गाठ घट्ट बसली होती. नखाने सुटेना, तेव्हा तिने सरळ दात लावले.

"अगं, धाकटी अजून खाली आहे," वडील म्हणाले.

"माहितेय मला."

वडील खुर्च्या नीट लावायला आत गेले. थोरलीला बघायला पाहुणे यायचे होते. आधीच्या दोन स्थळांनी धाकटीला पाहिलं आणि ती पुन्हा इकडे फिरकलीसुद्धा नाहीत. या वेळी आईने एकच मुलगी आहे म्हणून सांगून टाकलं होतं.

धाकटी बारा वर्षांची, समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. जुन्या गल्लीत ती कुणाच्याही घरात शिरायची आणि कुणीतरी हाताला धरून आणून सोडायचं. या इमारतीत मात्र मजल्यामागून मजला तीच तपकिरी दारं. पहिल्याच आठवड्यात ती परक्यांच्या घरात जाऊन बसली आणि केवढा गहजब झाला. मग तिला कोंडून ठेवलं. ती बोलेनाशी झाली, अंथरूण ओलं करू लागली. शेवटी तिच्या शाळेतल्या बाईंनी आईला सुनावलं, "अहो, सगळी दारं सारखी. त्यात तिची काय चूक?"

फडकं बांधलं आणि पोरगी खुलली. लिफ्टला घाबरायची, म्हणून जिन्याने एकटीच खाली जायची, झोपाळ्यावर बसायची, आणि वर येताना लाल दिसलं की टाळ्या पिटत दार वाजवायची. इतक्या वर्षांच्या औषधांना जमलं नाही ते वीतभर कापडाने केलं होतं. आईला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर तिने ते सोडलं.

पाहुणे चहा घेत असताना जिन्यात चपला वाजल्या. दारापाशी येऊन थांबल्या, वर गेल्या. थोड्या वेळाने खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. थोरलीने कपबशी खाली ठेवली.

"कुणीतरी घर शोधतंय वाटतं," मुलाची आई म्हणाली.

"मुलं खेळतात हो. तुम्ही बिस्किट घ्या ना."

पसंती तिथल्या तिथेच झाली. सगळे हसतखेळत बाहेर आले, तर धाकटी पायरीवर बसलेली, रडून रडून डोळे सुजलेले. आई दिसताच ती धावत आली आणि तिच्या कमरेला बिलगली.

"आई, घर हरवलं."

मुलाची आई कळवळली. "अगंबाई! कुणाची हो ही? तुम्हाला आई म्हणतेय?"

थोरलीने मान खाली घातली. वडील लिफ्टचं बटण दाबत राहिले. आईने धाकटीचे हात हळूच बाजूला केले.

"सगळ्यांनाच म्हणते," ती म्हणाली.