दारात अडकलेली गव्हाण

“सूनबाई, सुताराला ठोक्यावरून कळतं. पलीकडे जे बडवलं जातंय ना, ते लाकूड नाही.”

“काहीतरीच हं बाबा! शेजारचा तो वेल्डर आहे. करत असेल घरी ठोकठाक.”

मित्रांनो, हे बोलणं माझ्यासमोर झालं. एका म्हाताऱ्या सुताराच्या घरातली मी एक जुनी गव्हाण. गुरांना चारा घालतात तसलीच, पण लहान, नाताळात बाळ येशूला निजवण्यासाठी केलेली. सुतार बोलला ते सुनेने हसण्यावारी नेलं आणि ती मुलाचा डबा भरू लागली. ते हसू आजही तिला टोचतं.

माझा जन्म काही लाडाकोडात झालेला नाही. आधी मी एक दार होते. कुणीतरी लाथा घालून ते फोडलं आणि फळ्या उकिरड्यावर फेकल्या. सुताराने त्या उचलून आणल्या, करवतीने मला उभं चिरलं, पटाशीने खाचा पाडल्या, चारी कोपऱ्यांत खिळे ठोकले. मी कळवळले. “जरा सोस,” तो म्हणाला, “तुझ्यात राजांचा राजा झोपणार आहे.” तेव्हापासून मला सोसण्याचा अभिमान वाटू लागला. गप्प राहून सोसणं म्हणजेच प्रेम, अशी माझी समजूत झाली.

त्या घराची एक रीत होती. नाताळाच्या आधीचे चार आठवडे मी रिकामी असायची. मुलांनी प्रेमाचं एक काम केलं, की गवताची एक काडी माझ्यात ठेवायची. बाळाचं अंथरूण मऊ व्हायला हवं ना! काम मोठ्याने सांगायचं नाही, माझ्या काठाशी कुजबुजायचं. कुणी कुणाला विचारायचंही नाही. “रोषणाई आणि नवे कपडे मागून. आधी अंथरूण,” असं सून बजावायची.

ही सून शिकलेली, पण काळजीने अर्धी झालेली. गॅस तीनतीनदा तपासायची. मुलाच्या, म्हणजे गोटूच्या, घशात जाईल म्हणून जमिनीवरचा मणीन् मणी वेचायची. एवढी जागरूक बाई, पण भिंतीकडे तिने कान दिला नाही. म्हाताऱ्याची खाट त्याच भिंतीला लागून होती. अर्धांगवायूने त्याचं एक अंग लुळं पडलं होतं. धड हाताचा तळवा भिंतीला लावून तो तासन् तास पडून राहायचा.

वेल्डरची सहा वर्षांची मुलगी रोज गोटूशी खेळायला यायची. सगळे तिला चिमणी म्हणत. तीही काड्या ठेवू लागली. गोटूच्या आठवड्याला तीन, तर तिच्या दिवसाला तीन!

“बघ, किती गुणाची पोर आहे,” सून गोटूला म्हणायची. “शिक जरा.”

पण चिमणी माझ्या काठाला ओठ टेकवून काय सांगते, ते फक्त मी ऐकत होते. बाबांनी आईचं डोकं नळावर आपटलं, मी ओरडले नाही. बाबांनी पट्टा काढला, मी कपाटामागे गप्प बसले. बाईंनी विचारलं, मी म्हटलं आई पायऱ्यांवरून पडली. एकेका गप्प बसण्याची एकेक काडी. मित्रांनो, मला तोंड असतं तर! मी काठोकाठ भरले, पण इतकं टोचणारं अंथरूण मी कधी सांभाळलं नव्हतं.

नाताळाच्या आदल्या दुपारी सून मला चर्चमध्ये न्यायला निघाली. तिने मला काखेत घेतलं, तोच गोटू चिमणीवर फणकारला, “तिच्याच काड्या जास्त! काय केलंस गं एवढं?”

“विचारायचं नसतं, गोटू.”

“सांगते की,” चिमणी ऐटीत म्हणाली. “मी कुणालाच सांगितलं नाही.”

“काय नाही सांगितलं?” आता सुनेनेच विचारलं.

“बाबा आईला मारतात ते. गप्प बसणारी मुलगी शहाणी असते ना, काकू?”

तेवढ्यात भिंतीवर दणका बसला. मग दुसरा. कपबश्या फुटल्या. एक किंकाळी आली आणि मध्येच तुटली.

“सूनबाई!” म्हातारा ओरडला. “आज तरी ऐक!”

“पोरांना जवळ घ्या, बाबा.” तिने धावता धावताच पोलिसांना फोन लावला, पत्ता सांगितला, आणि शेजारचं दार बडवलं. मी अजून तिच्या काखेतच होते.

दार वीतभर उघडलं. वेल्डरच्या मुठीवर रक्त होतं. त्याचं नव्हे.

“काय आहे, वहिनी? घरचा मामला आहे. जा, सण साजरा करा तुमचा.”

“तोच करायला आलेय. तिला बाहेर येऊ द्या.”

त्याने दार लोटलं. तिने मला फटीत खुपसलं.

पहिल्या आपटण्याला माझा पाय मोडला. दुसऱ्याला फळी उभी तडकली. मग तो लाथा घालू लागला. खिळे निखळले, एक सुनेच्या मनगटात घुसला, गवत उंबऱ्यावर उधळलं. पण मी जातीचं दारच! लाथा मला नव्या नव्हत्या. माझी शकलं झाली, तरी मी फट सोडली नाही. पलीकडून म्हातारा खाटेवरूनच उशाच्या हातोडीने भिंत ठोकत होता आणि जिन्यात ऐकू जातील अशा हाका मारत होता. वरची शिंपीण हातातल्या कात्रीसकट खाली उतरली. तिच्यामागे आणखी चौघे आले.

“हात तर लाव आता कुणाला!” ती गरजली.

वेल्डर मागे सरला. चिमणीची आई रांगत बाहेर आली. एक डोळा मिटलेला, कानातून रक्त गळत होतं. सुनेने तिला कुशीत ओढलं. पोलीस येईपर्यंत शिंपीण दारातून हलली नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये कुणीतरी म्हणालं, “नवी गव्हाण आणू या.” पाळकसाहेब म्हणाले, “नको, हीच.” माझ्या मोडक्या फळ्यांत बाळ ठेवून त्यांनी एरवी या दिवशी कुणी सांगत नाही ती गोष्ट सांगितली. येशूच्या जन्माने धास्तावलेला तिथला राजा बाळांच्या जिवावर उठला, तेव्हा येशूचा पालक योसेफ सुतार सोसत बसला नाही. तो उठला, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन निघून गेला. मनगटाला पट्टी बांधलेली सून ढसाढसा रडली.

नाताळाच्या सकाळी प्रार्थनेनंतर तिने मला दवाखान्यात नेलं. चिमणी आईच्या खाटेवरून उतरली आणि माझ्या काठाशी कुजबुजली, “मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं.” मग तिने एक काडी ठेवली. तेवढी एकच टोचली नाही.

सुताराने एका हाताने मला जमेल तसं जोडलं. मी आता वाकडी उभी राहते. माझं ऊन-पाण्यापासून रक्षण करा, असं सांगायला मी आलेली नाही. दरवर्षी पहिली काडी ठेवताना सून मुलांना जे विचारते, तेच तुम्हाला विचारते: तुमच्या भिंतीपलीकडे कोण राहतं? वर्गात उकाड्यातही लांब बाह्या कोण घालतं? आजच एखाद्या मोठ्या माणसाचा हात धरा आणि ते दार वाजवून बघून या. जा ना. काडी नंतर ठेवता येईल.