इंटरनेटवरचा रघू

पहिली सळई फोटोच्या दुकानातल्या शोकेसवर बसली आणि मुंजीतले बटू, बारशातली बाळं, हार घातलेली जोडपी, सगळी काचांसकट जमिनीवर आली.

"फोटू कुठं हायत?" दीपेशने विचारलं.

"कसले फोटो?" अण्णा लिमये म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्याने त्या वाटेला जाऊ नये. बोलताना ते कॉम्प्युटरकडेच बघत होते.

दीपेशने त्यांची मान धरून तोंड काउंटरवर आपटलं. चष्मा फुटला, ओठ फाटला, हिशोबाच्या वहीवर रक्त सांडलं. त्याच्याबरोबर आलेल्या बाबल्याने शटर अर्धं खाली ओढलं. सकाळचे दहा वाजले होते. बाहेर दापोलीचा बाजार भरलेला होता आणि एकालाही आत डोकावावंसं वाटलं नाही.

ही २००९ सालची गोष्ट. सहा दिवसांपूर्वी नारळी पौर्णिमेला अण्णा फोटो काढायला बुरोंडीला गेले होते. समुद्राला पहिला नारळ देण्याचा मान वर्षानुवर्षं दीपेशच्या घरात होता. यंदा गावकीने तो गावातल्याच रघूला दिला. रघू गुडघाभर पाण्यात उभा राहून नारळ कपाळाला लावत होता, तेव्हा दीपेशने मागून त्याच्या डोक्यात वल्हं घातलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या घावाला कवटी फुटल्याचा आवाज अण्णांनी ऐकला. पाणी लाल झालं, रघू पुन्हा उठला नाही. आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांचं बोट तिन्ही वेळा बटणावर पडलं होतं.

गावाने पोलिसांना सांगितलं, पाय घसरला, होडीच्या कडेवर डोकं आपटलं. निम्मा गाव दीपेशच्या बापाच्या होड्यांवर जातो, मग पाय घसरणारच. अण्णाही म्हणाले, "माझं लक्ष कॅमेऱ्यात होतं." पण रघूची आई आवडाबाई दुकानात येऊन बसली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी तिला ते तीन फोटो दाखवले. पोलिसांना देतो म्हणाले, फक्त माझं नाव नको, फोटोच काय ते सांगतील. मग उद्या देतो, परवा देतो, असं चाललं. भित्रा माणूस वाईट असतो असं नाही, पण तो उशीर करतो. तेवढ्यात आवडाबाईने विश्वासाने एकीला सांगितलं आणि मासळीबाजारात व्हायचं ते झालं.

अण्णांना एकच आधार होता. कोकणातल्या दमट हवेत निगेटिव्हला बुरशी लागते, सीडीलाही लागते. म्हणून कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या ऋजुताने त्यांना इंटरनेटवर फुकटची जागा घेऊन दिली होती. कॉम्प्युटरवर एक फोल्डर करायचा, त्यात टाकलं की फोटो आपोआप तिकडे कंपनीच्या मशीनवर चढायचे. "उद्या दुकान जळलं ना अण्णा, तरी फोटो राहतील," ती म्हणाली होती. अण्णांनी तेवढंच लक्षात ठेवलं. कॅमेऱ्यातलं कार्ड मोकळं करून ते निर्धास्तपणे पुढच्या साखरपुड्याला गेले.

बाबल्याने कॉम्प्युटरवर सळई उगारली. "फोडू?"

"नको, नको! लोकांची लग्नं आहेत त्यात. मी पुसतो. तुमच्यासमोर पुसतो."

त्या क्षणी अण्णांच्या डोक्यात आयुष्यात पहिल्यांदा लबाडी शिरली. इथलं पुसू, वरचं आहेच. त्यांनी फोल्डर उघडला, तिन्ही फोटो निवडले आणि पुसून टाकले. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. कोपऱ्यातलं निळं चिन्ह क्षणभर फिरलं आणि थांबलं. बस आता बोंबलत, अण्णा मनात म्हणाले.

"हात ठेव," दीपेश म्हणाला. "फोटू काढतोस तो."

अण्णांनी ठेवला नाही, म्हणून बाबल्याने तो धरून काउंटरवर दाबला. दोन घावांत चार बोटं आणि अंगठा मोडला. अण्णा गुरासारखे ओरडले. जाता जाता बाबल्याने कॉम्प्युटर फोडलाच, आतून तारा बाहेर येईपर्यंत.

थोड्या वेळाने मासळीची पाटी घेऊन आवडाबाई आली.

"अण्णानू! कुनी केलान ह्ये?"

अण्णा हसायला गेले तर ओठातून रक्त आलं. "काळजी करू नका. फोटो वर आहेत. चला."

"आदी डाक्टरकडं चला."

"नंतर!"

हात पंच्यात गुंडाळून ते तिला गल्लीतल्या सायबर कॅफेत घेऊन गेले. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत आपलं खातं उघडलं. साखरपुडा होता. मुंज होती. डोहाळजेवणं, बारशी, सगळं जागच्या जागी होतं. बुरोंडीचा फोल्डरही होता. त्यात होड्या होत्या, पताका होत्या, पूजा होती. ते तीन फोटो तेवढे नव्हते.

त्यांनी ऋजुताला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"अण्णा, तो फोल्डर दोन ठिकाणी दिसतो, पण आहे एकच," ती म्हणाली. "इथे पुसलंत की तिथलंही पुसतं. फुकटच्या खात्यात परत मिळत नाही." मग तिचा आवाज खाली आला. "तुम्ही त्यांना कॉम्प्युटर फोडू द्यायचात हो. सगळे राहिले असते."

अण्णांनी फोन ठेवला. त्यांना आपली भयंकर लाज वाटली. आवडाबाईकडे बघवेना.

"आवडाबाई, मी घालवले. मीच पुसले."

तिने पडद्याकडे पाठ केली. रडली नाही.

"मशीन जळू दे. तुमच्या डोल्यांनी बगितलंत ना?"

अण्णांनी डाव्या हाताने खातं बंद केलं.

"सांगा ना वो. बगितलंत ना माज्या रघूला?"

"बघितलं."

पोलीस ठाण्यात हवालदार दुकानाच्या तोडफोडीची तक्रार लिहून घेत होता. कारण काय, त्याने विचारलं. अण्णांनी वल्ह्यापासून सुरुवात केली. तीन घाव. मारणाऱ्याचं नाव, बापाच्या नावासकट.

हवालदाराने पेन थांबवलं. "पुरावा काय? फोटो?"

"फोटो नाहीत. मी होतो तिथे. दहा हातांवर."

"कोर्टात उभे राहाल?"

"राहीन. लिहा."

लिहून झालं. हवालदाराने पेन पुढे केलं, मग त्या सुजलेल्या पंज्याकडे पाहून शाईची डबी सरकवली. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं, जन्मात कधी अंगठा दिला नव्हता. त्यांनी डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला, पण ठसा पुसट उमटला.

आवडाबाईने त्यांचं मनगट धरलं.

"असा नाय वो," ती म्हणाली. "जरा दाबा, नि ह्या अंगानं त्या अंगाला फिरवा."