दोन लाइनी आणि एक चोर

घरात इंटरनेटच्या दोन लाइनी घेणारा माणूस एक तर मोठा व्यापारी असतो, नाही तर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. आमच्या या गोष्टीतले सासरेबुवा इंजिनियर. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी, बैठकीच्या कोपऱ्यात एक संगणक आणि त्याच्या पडद्यावर दोन रेघा, एक हिरवी, एक नारिंगी. कोणत्या लाइनीवर किती ओझं आहे हे बघत ते दिवसभर ठाण मांडून बसत. "हिरवी भरली हो!" अशी आरोळी आली की सासूबाई मुकाट्याने विणकामाचा व्हिडिओ बंद करत. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर माणूस कशाकशाची सवय करून घेतो!

आज मात्र खरीच कसोटी होती. सहा वर्षं घरी बसलेल्या सूनबाईंना मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मुलाखत संगणकावर, सकाळी अकराला. नोकरीही घरून करायची, म्हणजे मुलाखतीतच लाइन अडखळली तर ती हातची गेली.

"तू फक्त उत्तरं दे, लाइनीचं माझ्यावर सोड," सासरेबुवांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. हयगय नको म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी तपासणीही वाढवली होती. एरवी त्यांचा संगणक अर्ध्या तासाने एकदा दोन्ही लाइनींवरून भलीमोठी फाइल ओढून वेग मोजायचा. आता दर अर्ध्या मिनिटाला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "बाबा, माझं चित्र अडकतंय!"

दोन्ही रेघा पार वर टेकल्या होत्या. सासरेबुवा गर्रकन सासूबाईंकडे वळले.

"तुझा व्हिडिओ बंद कर!"

"कधीचाच बंद आहे," सासूबाईंनी हातातल्या सुया दाखवल्या. "टीव्ही बंद, माझा फोनही बंद. आता श्वासही बंद करू का?"

रेघा तसूभर हलेनात. सासरेबुवा तरातरा शेजारच्या दंतवैद्याकडे गेले आणि आ वासून बसलेल्या पेशंटसमोरच "आमची लाइन चोरताय का?" असं विचारून आले. दंतवैद्याने कानावर हात ठेवले. मग परत येऊन त्यांनी घरातल्या यंत्रांची यादी उघडली. एकच यंत्र दोन्ही लाइनी घटाघटा पीत होतं. नाव नाही, नुसता नंबर.

"सापडला चोर!" ते ओरडले आणि त्यांनी त्या नंबराला दोन्ही लाइनींवरून हाकलून दिलं.

त्यांच्याच पडद्यावरच्या दोन्ही रेघा गेल्या. हिरवीही नाही, नारिंगीही नाही.

सासरेबुवा मटकन खुर्चीत बसले.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"चोर मीच."

"ते जाऊ दे, आता तिचं नीट चाललंय का?"

"कसं कळणार? बघायचं यंत्रच मी बंद केलं."

"दाराला कान लावा!"

आयुष्यात पहिल्यांदाच सासरेबुवांनी मोजमापाशिवाय काही ऐकलं. आतून सूनबाईंचा आवाज खणखणीत येत होता.

"मगाशी अडकलं होतं खरं, पण आमच्या बाबांनी सोडवलं. घरात ते असताना मला लाइनीची काळजीच नाही."

हे काही त्यांना सहन होईना. त्यांनी दार ढकललं आणि पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाईंसमोर हात जोडले.

"नाही हो! अडकवलंही मीच. दर तीस सेकंदांनी वेग मोजत होतो, त्यातच सगळी लाइन संपत होती. यात हिची काही चूक नाही. हिला नोकरी द्या."

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. पडद्यावरच्या बाई मात्र पुढे झुकल्या.

"तीस सेकंदांनी? आमच्या ऑफिसात तर दर दहा सेकंदांनी—"

आणि त्यांचं चित्र तोंड उघडं ठेवूनच थिजलं.

"आपल्याकडून नाही हं," सासरेबुवा घाईघाईने म्हणाले.

पाच मिनिटं तिघं त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले. मग सूनबाईंचा फोन वाजला.

"आमचं मोजणं आत्ताच बंद करायला लावलं," बाई सांगत होत्या. "महिनाभर चोर शोधत होतो हो! तुम्ही सोमवारपासून कामाला लागा. आणि सासऱ्यांना जरा फोन द्या, आमच्या इंजिनियरला हे कबूल करायचा धीर होत नाहीये."